आभाळ माथेरानकडून भरतं तेव्हा



ऑक्टोबरातली दुपार डोळ्यांसमोर आणा. भात कापून खाचरात पसरलंय, दोन दिवसांचं ऊन खाऊन चांगलं वाळलंय. जेवणं उरकून बाया पुन्हा वाकल्यात. ऊन असं की डोक्यावरचा पदर तापतो. आणि दोनच्या सुमाराला पूर्वेला, माथेरान आणि प्रबळगडाच्या डोक्यावर, कापसाच्या गंजीसारखा पांढरा ढग वर चढायला लागतो. एकजण कंबर सरळ करून बघते आणि म्हणते, "अजून लांब आहे गं. एवढे चार भारे बांधून घेऊ."

आजचं बोलणं या एका वाक्यावर आहे. लांब म्हणजे किती लांब? चार भारे बांधायला जेवढा वेळ लागतो, तेवढा आपल्याकडे असतो का? आणि तो किती आहे हे आपल्याला कोण सांगू शकतं?

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू, म्हणजे घोळ होणार नाही. आपण सगळ्याच वाऱ्या-पावसाला वादळ म्हणतो, पण त्यात फार फरक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग आलं ते चक्रीवादळ. अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. आपल्या पनवेल भागातही झाडं पडली, पत्रे उडाले. पण ते अरबी समुद्रात तयार झालं, शेकडो किलोमीटर पसरलेलं होतं, आणि दोन-तीन दिवस आधीपासून सगळ्यांना माहीत होतं की ते येतंय. एवढी मोठी गोष्ट उपग्रहाला दिसते, तिचा रस्ता मांडता येतो.

आपला वळवाचा किंवा परतीचा गडगडाटी पाऊस तसा नाही. त्याचा एक ढग म्हणजे पाच-दहा किलोमीटर रुंद. विचुंब्यावर पडला तर आकुर्लीला कोरडं असू शकतं. एकट्या ढगाचं आयुष्यही तासाभराचं, कधी त्याहून कमी. सकाळी साडेसातच्या बातम्या तुम्ही ऐकता तेव्हा दुपारचा ढग अजून जन्मालाच आलेला नसतो. जे अजून झालेलंच नाही, ते नेमकं कुठल्या पाड्यावर पडेल हे आदल्या दिवशी कोण सांगणार? कुणीच नाही. इथेच आपण हवामान खात्यावर चिडतो. "सांगितलं पडेल, पडलाच नाही," किंवा उलट. तेव्हा खात्याला नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, ते समजून घेऊ.

चुलीवर भाताचं पातेलं ठेवलंय असं समजा. खाली जाळ, आत पाणी, वर झाकण. गडगडाटी ढगालाही हेच लागतं. जाळ म्हणजे उन्हाने तापलेली जमीन. पाणी म्हणजे समुद्राकडून आलेली दमट हवा, ती आपल्याकडे पोटभर आहे. तापलेली हवा हलकी होते, वर चढते. वर थंडी असते. हे आपल्याला नवीन नाही. माथेरान आपल्याहून सुमारे ८०० मीटर उंच, तर तिथे पाच-एक अंशांनी गारवा असतो म्हणून लोक पैसे मोजून जातात. वर चढणाऱ्या हवेतली वाफ थंडीने पाण्याचे थेंब होते, ढग होतो, आणि वाफेचं पाणी होताना जी ऊब सुटते तिने हवा आणखी वर ढकलली जाते. असा ढग बारा ते पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरही नाही. म्हणजे आपल्या गावावरून जाणारा ढग एव्हरेस्टच्याही डोक्यावरून बघत असतो.

आता झाकण. पुष्कळदा जमिनीपासून एक-दोन किलोमीटर वर उबदार, कोरड्या हवेचा थर बसलेला असतो. खालची हवा वर जाऊ बघते, पण हा थर तिला अडवतो. दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा होतो, आभाळ भरून येतं आणि पाऊस न पडताच संध्याकाळ होते. हे झाकण बसून राहिल्याचं लक्षण. दुसऱ्या दिवशी तसाच उकाडा, पण दुपारी तीनला झाकण उडतं आणि सगळं एकदम उतू जातं. झाकणाखाली जितकी वाफ कोंडलेली, तितका स्फोट जोराचा.

पातेल्यात किती वाफ आहे हे खात्याला बऱ्यापैकी कळतं. मुंबईत सांताक्रूझहून फुगा सोडतात, त्याला यंत्र बांधलेलं असतं. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, या ठरलेल्या वेळांसाठी तो वर जाऊन कुठल्या उंचीवर किती गरम, किती दमट, वारा कुठून, हे कळवतो. त्यावरून "आज उतू जाऊ शकतं" एवढं सांगता येतं. पण झाकण तीनला उडेल की पाचला, माथेरानवर की कर्जतवर, हे सकाळी सांगणं कठीणच.

२६ जुलै २००५ आठवते का? त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आणि त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवर, कुलाब्याला झाला फक्त ७३. एकाच शहरात एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पाऊस. असं होऊ शकतं म्हणूनच खात्याच्या भाषेत "तुरळक ठिकाणी" हा शब्द असतो. आपण तो ऐकतो आणि सोडून देतो. तुरळक ठिकाणी म्हणजे थोडासा पाऊस नव्हे. याचा अर्थ जिल्ह्यातल्या शंभरातल्या पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पडेल. पण जिथे पडेल तिथे जोरदारही पडू शकतो. "रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे" असं ऐकलंत, तर अर्थ असा घ्यायचा: आपल्यावर पडेलच असं नाही, पण ज्यांच्यावर पडेल त्यांच्यात आपण असू शकतो.

आता थोडी वाट सोडून. मोबाईलवर सगळ्यांनी ते व्हिडिओ पाहिलेत, आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखी काळी सोंड खाली येते आणि घरंच्या घरं उचलून फेकते. त्याला टोर्नेडो म्हणतात. बैठकीत हमखास कुणीतरी विचारतं, हे आपल्याकडे येईल का हो? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात नदीवर असाच काळा खांब उभा राहिला आणि लोक घाबरले, तर ते निघाले डास. लाखोंच्या संख्येने थव्याने फिरणारे. ते वादळ नव्हे, नदीच्या घाणीचा प्रश्न होता. आणि उन्हाळ्यात मैदानात पाचोळा, धूळ गरगरत वर जाते ती वावटळ. ती जमिनीवरून उठते, वर ढगही नसतो, आणि दोन-चार मिनिटांत विरते. डोळ्यांत धूळ जाते, वाळत घातलेले कपडे उडतात, यापलीकडे सहसा काही नाही. टोर्नेडो मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली येतो.

त्याला पातेलं, जाळ आणि झाकण पुरत नाही. आणखी एक गोष्ट लागते: खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, आणि वरचा फार वेगवान. मग वर चढणारी हवा पिळली जाते, आपण ओली साडी दोन टोकांना धरून पिळतो तशी, आणि अख्खा ढग स्वतःभोवती फिरू लागतो. अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात हे सगळं वसंतात एकत्र येतं. दक्षिणेकडच्या समुद्रावरून दमट हवा, पश्चिमेच्या उंच कोरड्या भागातून गरम हवा, आणि वर थंड, वेगवान वारे. तिथे वर्षाला हजारावर टोर्नेडो होतात.

आपल्या उपखंडात हा धोका आहे तो पूर्वेला. मार्च ते मे या महिन्यांत बंगालच्या उपसागराची दमट हवा, छोटा नागपूरकडची तापलेली कोरडी हवा आणि हिमालयाच्या दक्षिणेने जाणारे वरचे वेगवान वारे तिथे भेटतात. बंगालात त्या वादळांना कालबैशाखी म्हणतात. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात एका टोर्नेडोने सुमारे १३०० माणसं गेली. जगातला तो सगळ्यात जीवघेणा टोर्नेडो मानतात. २४ मार्च १९९८ ला पश्चिम बंगाल-ओडिशाच्या सीमेवर दांतन भागात दीडशेहून जास्त गेली. आणि अगदी अलीकडे, ३१ मार्च २०२४ ला, जलपायगुडीत मयनागुडी भागात काही मिनिटांत घरं सपाट झाली.

आपल्या कोकणात वाफ भरपूर आहे, पण उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात वरचे वारे तसे जोराचे नसतात, त्यामुळे ढग पिळला जात नाही. म्हणून टोर्नेडो इथे फार दुर्मीळ. त्याची भीती बाळगून झोप घालवू नका. आपल्याकडे माणसं मरतात ती दोन साध्या गोष्टींनी: सरळ वाऱ्याने आणि विजेने.

सरळ वारा म्हणजे काय, ते सांगते. ढगातून पाऊस कोसळतो तेव्हा थेंबांबरोबर हवाही गार होते, जड होते आणि धाडकन खाली येते. जमिनीवर आपटली की तिला जायला जागा कुठे? बादली ओतल्यावर पाणी अंगणात चहूकडे पसरतं तशी ती पसरते, आणि पावसाच्या पुढे धावते. उकाड्यात अचानक लागणारी ती थंडगार झुळूक आणि मातीचा वास, ती हीच. आपण सुखावतो. पण तो ढगाचा निरोप असतो, की मी पोचलो. १३ मे २०२४ चा सोमवार. त्या दुपारी काही तासांपुरते इशारे निघाले होते. संध्याकाळी असाच धुळीचा वारा ठाणे-मुंबईवर आला आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलामोठा जाहिरातीचा फलक कोसळला. १७ माणसं गेली. ते चक्रीवादळ नव्हतं, टोर्नेडोही नव्हता, वळवाच्या ढगाचा वारा होता. आपल्या आसपास आता शेतांशेजारी इमारती उभ्या राहतायत. बांधकामाचे पत्रे, परांच्या, रस्त्याकडेचे फलक, गच्चीवरच्या टाक्या, हे सगळं या वाऱ्यात धोक्याचं. रिक्षाची वाट बघत फलकाखाली उभ्या राहू नका.

आणि वीज. ढगात वर बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासतात, त्याने वीज साठते. ती पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. ती हवा झटक्यात फुगते, त्याचा आवाज म्हणजे गडगडाट. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेने जातात. २०२२ मध्ये सरकारी नोंदीप्रमाणे २,८८७. त्यात शेतात काम करणारे खूप. आणि एक लक्षात घ्या, मुसळधार पडत असताना बाहेर कोण असतं? कमीच. धोका असतो तो पाऊस सुरू व्हायच्या आधी, जेव्हा आपण भात झाकायला धावतो, आणि पाऊस ओसरल्यावर, जेव्हा "थांबला वाटतं" म्हणून पुन्हा बाहेर पडतो. वीज ढगापासून दहा-दहा किलोमीटर लांब, डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते.

मग इशारा कसा मिळतो? तो टप्प्याटप्प्याने येतो, आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या कामाचा.

पहिला टप्पा रंगांचा. कुलाब्याचं प्रादेशिक हवामान केंद्र रोज पुढच्या चार-पाच दिवसांसाठी जिल्ह्यानुसार रंग देतं. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळ्याला आपण फार हलकं घेतो. गडगडाटी पावसाचा इशारा पुष्कळदा पिवळाच असतो, कारण तो तुरळक ठिकाणी असतो. पण वीज पडायला पिवळा पुरतो. पिवळ्या दिवशी शेतात जाऊच नका असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर ऑक्टोबरात कापणी व्हायचीच नाही. पिवळ्या दिवशी कामाचा क्रम बदला. कापणी, भारे वाहणं सकाळी. ताडपत्री जेवणाच्या आधीच भातावर घालून कडेला दगड ठेवायचे. झाकायचं काम वारा सुटल्यावर करायचंच नाही.

दुसरा टप्पा तीन तासांचा. दिवसभर पुढच्या तीन तासांपुरते इशारे निघत असतात, आणि ते खरे कामाचे, कारण तोवर ढग जन्माला आलेला असतो आणि रडारवर दिसतो. मुंबईत कुलाब्याला २०१० पासून डॉपलर रडार आहे, दुसरं जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीला आलं. रडार लहरी सोडतं, त्या थेंबांवर आपटून परत येतात, त्यावरून ढग कुठे आणि किती भरलेला हे कळतं. शिवाय तो जवळ येतोय की लांब जातोय हेही. पनवेल स्टेशनात गाडी शिटी वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि पुढे गेली की उतरतो, तसंच परत आलेल्या लहरीतला बदल ओळखून. तीन तासांचे हे इशारे हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवर दिसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते आपल्या आसपास कुठे विजा पडतायत ते दाखवतं. आणि सरकारकडून थेट मोबाईलवर भोंग्यासारखा वाजणारा संदेश येतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा फोन एकदम कोकलल्यावर पुष्कळजणी दचकल्या. काहींनी नंतर तो बंदच करून टाकला. ज्यांनी केला असेल त्यांनी घरातल्या पोरांकडून परत सुरू करून घ्या.

तिसरा टप्पा शेवटच्या अर्ध्या तासाचा. तिथे आपले डोळे आणि कान. पावसाळ्यात आपल्याला पश्चिमेकडे, समुद्राकडे बघायची सवय असते. पण मे महिन्यात आणि ऑक्टोबरात ढग बहुतेक वेळा घाटावर तयार होतो आणि पूर्वेकडून येतो. म्हणून त्या दिवसांत नजर माथेरानकडे. ढगाचं टोक वर जाऊन चपटं झालं, लोहाराच्या ऐरणीसारखं पसरलं, की तो पुरता तयार झालाय.

आता हिशोब करू. वीज चमकली की मोजायला लागा: एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसपर्यंत मोजून झालं आणि आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरवर पडली. ढग ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर दहा किलोमीटर यायला त्याला पंधरा मिनिटं. आणि विजेला तर तेवढंही थांबायची गरज नाही, सांगितलंच, ती ढगाच्या पुढेच पडू शकते. आता तुमचं शेत आठवा. तिथून सगळ्यात जवळचं पक्कं घर किती मिनिटांवर? डोक्यावर काही न घेता, बांधावरून चालत. पाच मिनिटं असतील तर गडगडाट ऐकून निघालात तरी चालेल. वीस मिनिटं असतील तर गडगडाट ऐकून निघणं म्हणजे उशीर झाला. तुम्हाला तीन तासांच्या इशाऱ्यावरच निघायला हवं, आभाळात डोक्यावर ऊन असलं तरी. गाढीच्या कडेला लांब शेत असलेली आणि घरामागे शेत असलेली, दोघींना एकच नियम लागू होत नाही.

इथेच आपली खरी अडचण आहे. इशारा मोबाईलवर येतो. पण मोबाईल कुठे असतो? घरात चार्जिंगला. नाहीतर मालकांच्या खिशात, आणि मालक कामावर कळंबोलीला. नाहीतर पोराच्या हातात, खेळ चालू. शेतात जी वाकलीय तिच्याजवळ एक तर फोन नाही, नाहीतर पिशवीत बांधावर, आवाज बंद. कुलाब्याच्या रडारने ढग पाहिला, तिथल्या माणसाने इशारा लिहिला, तो विचुंब्यापर्यंत क्षणात पोचला, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर अडला. मला हे फार लागतं.

अमेरिकेचंच बघा. तिथे पूर्वी सरकारी अंदाजात टोर्नेडो हा शब्दसुद्धा वापरत नसत, लोक घाबरतील म्हणून. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमा राज्यात टिंकर नावाच्या हवाई तळावर टोर्नेडो आला, विमानांची मोडतोड झाली. फॉबुश आणि मिलर या तिथल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं, आधी कळतं का बघा. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, हवेचा नकाशा तसाच दिसला. त्यांनी धीर करून इशारा दिला, विमानं आत घेतली, आणि संध्याकाळी खरोखर दुसरा टोर्नेडो त्याच तळावर आला. तिथून ते शास्त्र वाढलं. आज त्यांच्याकडे देशभर रडार, उपग्रह, सगळं आहे. तरी टोर्नेडोचा नेमका इशारा सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधीच मिळतो. मग माणसं वाचतात कशी? गावात भोंगा वाजतो, आणि कुठल्या खोलीत जायचं हे घरातल्या पोरालाही आधीच ठाऊक असतं.

तर बचतगटाच्या पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीतलं एक पान याला द्या. मे महिना आणि कापणीचे दिवस, दर दिवशी एकीची पाळी. तिचा फोन चार्ज असणार, आवाज चालू असणार, दुपारी बारानंतर ती दर तासाला बघणार. ती शक्यतो घरी असणारी, गच्ची असलेली. इशारा आला की ती फोन करेल, आणि फोन नसलेल्यांसाठी शिटी. कंडक्टरची असते तशी साधी शिटी, तीन लांब वाजवायच्या. ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून सांगता आलं तर उत्तमच, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका, वादळात आधी लाईट जाते. वहीत प्रत्येकीच्या शेतापुढे दोन गोष्टी लिहा: जवळचं पक्कं छप्पर कुणाचं, आणि चालत किती मिनिटं. त्या घरच्या बाईला आधी सांगून ठेवा, म्हणजे दार उघडं मिळेल आणि कुणाला संकोच वाटणार नाही.

पक्कं छप्पर म्हणजे चार भिंतींचं घर, शाळा, समाजमंदिर. शेतातली खोपी, चार खांबांवरचा पत्रा, बस थांब्याची शेड हे नाही. काचा बंद केलेली गाडी चालते, रिक्षा आणि दुचाकी नाही. आणि आंब्याखाली, वडाखाली, ताडाखाली तर कधीच नाही. पावसाने भिजू नये म्हणून झाडाखाली गेलेल्या बायांवरच वीज पडल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. भिजलेलं वाळतं. नदीवर धुणं असेल तर सोडून वर या. तारेच्या कुंपणापासून, विजेच्या खांबापासून लांब. घरात आल्यावर नळाखाली भांडी घासू नका, आंघोळ नको, फोन चार्जिंगला लावून बोलू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही, ऊन आलं तरी. मध्ये पुन्हा गडगडला तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

आणि उघड्यावर अडकलातच, पळायला जागा नाही, तर एकमेकींना बिलगू नका. वीस-पंचवीस पावलं लांब व्हा, खोलगट पण पाणी नसलेल्या जागी, पाय जुळवून उकिडव्या बसा, मान खाली, कानांवर हात. आडवं झोपायचं नाही. यात पूर्ण बचाव नाही हे सरळ सांगते. दुसरा इलाज नसेल तेव्हाच हे.

कुणाला वीज लागलीच तर तिच्या अंगात वीज राहत नाही. हात लावायला घाबरू नका. शेणात किंवा मातीत पुरून ठेवायचा प्रकार अजून कुठे कुठे करतात, त्यात मोलाची मिनिटं जातात. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत. विजेने हृदय थांबलेली माणसं अशा दाबण्याने परत आलेली आहेत. आशा ताईंना सांगून एकदा गटात हे शिकून घ्या, ऐकून जमत नाही, हाताने करावं लागतं.

एक कागदाची गोष्ट राहिली. महाराष्ट्रात वीज पडणं ही आपत्ती म्हणून मान्य आहे आणि मृत्यू झाला तर वारसांना ४ लाख रुपयांची मदत मिळते. जनावर गेलं तरी मदत आहे. त्यासाठी तलाठ्यांचा पंचनामा लागतो आणि माणसाच्या बाबतीत शवविच्छेदनाचा अहवाल. दुःखात घाईने अंत्यविधी उरकले जातात आणि मग कागद नसतो. अशा वेळी गटातल्या कुणीतरी डोकं शांत ठेवून तलाठी आणि पोलीस पाटलांना कळवायचं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. तोही वहीच्या त्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.